वाणासाठी ४० चेनचे बटवे आणि थोडी पाकिटं: कोपरे चुरगळतात, अस्तर सैल राहतं, मशीन अडतं

फोंडेकरीण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा प्लास्टिकचे डबे नकोत, कापडी बटवे द्यायचे ठरले आहेत. नग चाळीस. शिवाय घरातल्या सहा जणांसाठी दुमडीची पाकिटं, नोटा आणि कार्डं मावतील अशी. चतुर्थी आटोपली की कापायला घेणार.

मशीन पायाचं, फक्त सरळ टिपेचं. चेन लावायचा एकेरी फूट आहे. कापड लाल-पांढऱ्या चौकडीचं कुणबी हातमाग, शिवाय खणाचे उरलेले तुकडे. अस्तराला मांजरपाट. नमुन्याचे तीन बटवे शिवून पाहिले: २२ × १५ सेंमीचे तुकडे, सगळीकडे १ सेंमी माया (टिपेबाहेर सोडलेली कड), २० सेंमीची तयार चेन. तिन्हींत चेनच्या टोकांशी कोपरे खांद्यासारखे वर आले आहेत. अस्तर आत सैल पडतं आणि चेनमध्ये अडकतं. ५ सेंमीचा तळ हवा म्हणून खालचे कोपरे अडीचातून १ सेंमी माया वजा करून दीड सेंमीचे कापले, पण तळ ३ सेंमीच आला. फ्यूजिंगला (इस्त्रीने चिकटवायच्या आधाराच्या कापडाला) फोड आले. लाल रंग मांजरपाटावर उतरला तो वेगळाच.

पाकिटाचं तर कार्डांच्या कप्प्यांशी सुई अडते, टाके सुटतात. कुठे चुकतंय?

---

शिवणमाया

कोपऱ्यांचं आधी घेऊ. २२ च्या तुकड्यात दोन्हीकडची माया गेली की राहतात २० सेंमी, आणि तुमची चेनही २० ची. म्हणजे चेनचे थांबे बरोबर बाजूच्या टिपेखाली येतात. तिथे चेनची टेप, दात, बाहेरचं कापड दोनदा, अस्तर दोनदा, शिवाय फ्यूजिंग. सुलटं केल्यावर एवढा गठ्ठा आत दुमडायला जागाच नसते, मग तो वर उठतो. कोपरा कितीही टोकरलात तरी बसणार नाही. चेन बाजूच्या टिपेपर्यंत पोचूच द्यायची नाही, हाच उपाय.

त्यासाठी तयार चेन घेऊ नका. मीटरवर मिळणारी ३ नंबरची नायलॉन चेन आणि सुटे रनर (चेन उघड-मीट करणारे सरकते तुकडे) घ्या. एका बटव्याला चेन १८ सेंमी. दोन्ही टोकांना त्याच कापडाची टोकपट्टी: २.५ × ७ सेंमीचा तुकडा, दोन्ही आखूड कडा १-१ सेंमी आत मोडा, मग मधोमध दुमडा. अडीच सेंमीची चपटी पट्टी होते. मोडलेल्या कडांच्या तोंडात चेनचं टोक अर्धा सेंमी सरकवा आणि कडेपासून २ मिमीवर टीप मारा. प्रत्येक बाजूला २ सेंमी वाढले, एकूण लांबी पुन्हा २२. आता बाजूची टीप फक्त टोकपट्टीवरून जाते आणि दात तिच्यापासून १ सेंमी दूर राहतात. पट्टी लावून झाली की लांबी मोजा: २२ पेक्षा २ मिमी कमी चालेल, जास्त अजिबात नको. जास्त असली की चेन लाटेसारखी वर-खाली होते.

चेन बसवताना बाहेरचं कापड सुलट बाजू वर ठेवा, त्यावर चेन उपडी, त्यावर अस्तर उपडं. तिघांच्या कडा जुळवून एकेरी फुटाने ७ मिमीवर टीप. रनर वाटेत येतोच. अर्ध्यावर सुई कापडात रुतवून ठेवा, फूट उचला, रनर मागे सरकवा, पुढे चला. सुई वर असताना सरकवलंत तर त्या जागी टीप वाकडी होते आणि ती बरोबर दिसण्यातली असते. मग दोन्ही कापडं चेनपासून उलटी फिरवून इस्त्री, आणि वरून कडेपासून ३ मिमीवर टीप. ही वरची टीप शोभेची समजून गाळू नका. अस्तर चेनमध्ये अडकतं ते तिच्याच अभावी. दुसरी बाजू तशीच.

आता चेन निम्मी उघडा. विसरलात तर सगळा बटवा शिवून झाल्यावर सुलटा करायला वाटच उरत नाही.

बाहेरचं कापड बाहेरच्यावर, अस्तर अस्तरावर, सुलट बाजू आत. बाजूला जिथे चारही कापडं भेटतात तिथे चेनचे दात आणि तिची माया *अस्तराच्या बाजूला* वळवून टाचणी लावा. बाहेरच्या बाजूला वळवलीत तर टोकपट्टी लावूनही कोपरा गोल येतो. मग चौफेर टीप: बाहेरच्या कापडावर १ सेंमी माया, अस्तरावर १.२ सेंमी. हे २ मिमी अस्तर आखूड करतात, त्यामुळे ते आत झोळ धरत नाही. अस्तराच्या तळाला ९-१० सेंमी जागा उघडी ठेवा आणि तिच्या दोन्ही टोकांना उलटी टीप मारून पक्कं करा. सुलटं करताना सगळा ताण तिथेच येतो.

तळाचा हिशेब सोपा आहे, फक्त माया त्यात आणायची नाही. कापायचा चौकोन = हव्या त्या तळाची निम्मी रुंदी; सगळीकडे माया सारखी असली की ती आपोआप वळती होते. ५ सेंमी तळ म्हणजे २.५ सेंमीचा चौकोन. तुम्ही माया वजा करून दीडचा कापलात, दुप्पट तीन. चौकोन शिवण्याआधीच चारही तुकड्यांचे कापून ठेवा. बाजू आणि तळ शिवून झाल्यावर बाजूची टीप तळाच्या टिपेवर टेकवून तोंड चपटं करा आणि १ सेंमीवर आडवी टीप. दोन्ही टिपांची माया विरुद्ध दिशांना पाडली की तिथे जाडी साचत नाही. तयार बटवा वर २० सेंमी रुंद, तळाशी १५, उंची साधारण साडेदहा. चष्मा, मोबाइल चार्जर, दोन पेनं आरामात.

चाळीस नगांना कापड: ४४ इंची पन्ह्यात किनार सोडून १०९ सेंमी धरा. १५ ची बाजू आडवी ठेवलीत तर एका ओळीत ७ तुकडे बसतात, २२ ची आडवी ठेवलीत तर ४ च. ८० तुकड्यांना १२ ओळी, २ मीटर ६४ सेंमी. आटणं आणि टोकपट्ट्या धरून ३ मीटर. अस्तरालाही तेवढंच. तुमच्या कापडाचा पन्हा कमी असेल तर आधी मोजा, मग ओळी काढा. चेन ७ मीटर २० सेंमी लागते, ८ घ्या. रनर ४५, कारण पाचेक तरी बसवताना वाकतात. दोरा टिपेच्या लांबीच्या तिप्पट धरावा. एका बटव्याला अडीच-पावणेतीन मीटर टीप होते, म्हणजे आठेक मीटर दोरा. पॉलिस्टरचाच घ्या.

एकेक बटवा पुरा करत बसू नका. दहा-दहाचे गठ्ठे करा: आधी दहा चेनींना टोकपट्ट्या, मग दहांची एक बाजू, मग दुसरी. दोरा न तोडता एकामागून एक सारत जायचं आणि शेवटी कात्रीने सुटे करायचे.

---

मांडवीकाठ

फ्यूजिंगचं मी सांगते. फोड येण्याचं कारण बहुतेक वेळा फ्यूजिंग नसतं, न आटवलेलं कापड असतं. इस्त्रीच्या वाफेने कापड आटतं, फ्यूजिंग आटत नाही, मग कापडाचे फुगे उठतात. दुसरं कारण इस्त्री घासण्याचं. फ्यूजिंगवर इस्त्री फिरवायची नसते, *ठेवायची* असते. एका जागी १०-१२ सेकंद दाबून धरा, उचला, निम्मी जागा झाकेल अशी पुढे ठेवा. वर पातळ ओलसर फडकं. झालं की गार होईपर्यंत तुकडा सपाट पडू द्या. गरम असताना उचलला की डिंक वाकड्यातच धरतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड. भाद्रपदात कपाटातल्या कापडालासुद्धा दमटपणा असतो. चिकटवण्याआधी कापडावर कोरडी इस्त्री फिरवून ओल काढा. फ्यूजिंगची गुंडाळीही उघडी टाकू नका.

माप: फ्यूजिंग मायेत जाऊ देऊ नका. २० × १३ सेंमी कापा, खालचे चौकोन अडीच सेंमीचे. शिवणीत एक थर कमी होतो. ४४ इंची पन्हा असेल तर ८० तुकडे २ मीटरमध्ये बसतात. दुकानात "पेस्टिंग" म्हणा, पातळ कापडी मागा. नुसतं बकरम म्हणालात तर कॉलरचं कडक हातात पडेल, त्याला बटव्यात पडलेली घडी जन्मभर जात नाही.

खणाला आधी एका कोपऱ्यावर करून बघा. आजकालच्या खणात पॉलिस्टर असतं, सुती खुणेवरच्या इस्त्रीने ते चकाकतं. आणि बुट्टीला वर-खाली असतं. दोन्ही तुकडे एकाच दिशेने कापा, नाहीतर मागची बाजू डोक्यावर उभी.

लाल रंगाला मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, पक्का होतो.

---

चौकडी

मांडवीकाठ, बाकी सगळं मान्य, मिठाचं नाही. रंग लागताना मिठाचा उपयोग होतो. रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग मिठाने धरला जात नाही, व्हिनेगरनेही नाही. जो रंग धाग्याला चिकटलेलाच नाही, तो काढून टाकणं एवढंच आपल्या हाती आहे. गार पाणी, थोडा साबण, कुणबी कापड एकटं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा-बारा वेळा चोळा. फडकं गुलाबी झालं तर अजून एक धुणं. न कापलेलं कापड धुवा, तुकडे धुतलेत तर कडा विरतात. वाळवायला सावलीत.

मांजरपाटही धुतल्याशिवाय वापरू नका. त्यात खळ असते आणि ते बऱ्यापैकी आटतं. गरम पाण्यात एकदा भिजवलं की दोन्ही कामं होतात. तरीही वाणाच्या बटव्याला मांजरपाटाचं अस्तर मला पटत नाही. आत कुंकवाची पुडी जाणार. पहिल्याच दिवशी पांढऱ्यावर डाग. मरून किंवा गडद निळं पोपलीन लावा.

कुणबी कापडाच्या दोन गोष्टी. एक, हातमागाची वीण मोकळी असते. परदेशी नमुन्यांत पाव इंच माया लिहिलेली असते, ती या कापडाला पुरत नाही, एका धुण्यात टीप सुटून बाहेर येते. १ सेंमी बरोबर आहे. कोपऱ्याची माया छाटतानाही टिपेपासून ३ मिमी सोडा. झिगझॅग नाही म्हणून काही बिघडत नाही, अस्तराच्या आत कडा झाकल्याच जातात.

दुसरी म्हणजे चौकडी. कात्री पेन्सिलीच्या रेषेवर नव्हे, विणीच्या रेघेवर चालवा. हातमागाचं कापड गुंडाळताना तिरपं ओढलं गेलेलं असतं. आधी कर्णावर दोन्ही हातांनी ताणून चौकोन काटकोनात आणा, इस्त्री करा, मग कापा. पुढच्या आणि मागच्या तुकड्यात वरची कड चौकडीच्या एकाच रेघेवर यायला हवी, कारण चेनच्या दोन्ही बाजूंना तीच रेघ डोळ्यात भरते. बाजूच्या शिवणीत नाही जुळली तरी चालतं, तिथे कोण बघतंय. एवढ्यासाठी ३ मीटरच्या वर अर्धा मीटर जास्त घ्या.

---

फोंडेकरीण

माया आणि चौकोनाचा घोळ आता कळला. मिठाचं बरं झालं विचारलं, बादली भरूनच ठेवली होती.

दोन शंका. मीटरच्या चेनवर रनर चढवताना एक बाजू पुढे एक मागे होते आणि चेन मध्येच फुगते. आणि पाकिटाचं कोणी बोललंच नाही.

---

शिवणमाया

रनर नीट पाहा. एका टोकाला दोन तोंडं, दुसऱ्या टोकाला एक. चेनच्या टोकाची दोन्ही अंगं ३ सेंमी उसवून वेगळी करा आणि टोकं कात्रीने अगदी सरळ, समान कापा. तिरपं कापलेलं टोक हेच फुगण्याचं मूळ. दोन तोंडांच्या बाजूने एकात डावं, दुसऱ्यात उजवं अंग घाला, दोन्ही सारख्याच खोलीपर्यंत जातील इतकंच. मग दोन्ही टोकं एका चिमटीत धरून रनर मागे ओढा. मागे चेन बंद होत गेली पाहिजे. पहिल्या २ सेंमीतच दात सरळ आहेत का बघा. एका दाताचाही फरक असला तर लगेच काढा आणि पुन्हा घाला, पुढे तो सुधारत नाही.

रनर हाताला पकड देत नसेल तर जेवणाचा काटा पाटाला सुतळीने उभा बांधा आणि रनर त्याच्या दात्यांत अडकवा. दोन्ही हात मोकळे होतात. आणि टोकपट्टी रनर चढवल्यावर लावायची, आधी नाही.

रनर लोखंडी घेऊ नका. चुंबक लावून बघा, चिकटला तर ठेवून द्या. आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतो आणि गंज कापडावर उतरतो. चेन नायलॉनचीच असू दे. ॲल्युमिनियमच्या दातांवर पांढरी पूड धरते.

---

बारदेशकर

पाकिटाचं घेतो. आधी मापं, कारण इंटरनेटवरचे बहुतेक नमुने डॉलरच्या मापाचे. डॉलर १५६ × ६६ मिमी. आपली ५०० ची नोट १५० × ६६, २०० ची १४६ × ६६, १०० ची १४२ × ६६. म्हणजे डॉलरच्या पाकिटात आपली नोट सहज बसते. २००० ची १६६ मिमीची नोट २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली, तिच्यासाठी रुंदी वाढवू नका. अडचण उंचीची. पोर्तुगालला किंवा इंग्लंडला राहणाऱ्या नातेवाइकाला द्यायचं असेल तर ५० युरोची नोट ७७ मिमी उंच, २० पौंडाची ७३. डॉलरच्या पाकिटातून त्या डोकं बाहेर काढून राहतात. खालची मापं युरोला पुरतात. कार्ड सगळीकडे सारखं: ८५.६ × ५४ मिमी. आधारचं प्लास्टिक कार्डही तेवढंच.

सुई अडते त्याचं कारण तुम्ही पाकीटही बटव्यासारखं उलटं शिवून सुलटं करत असणार. पाकिटाला ते नको. थर सपाट ठेवून तीन कडांना उरेब (तिरपी कापलेली) पट्टी मारा. जाडी निम्मी वाटते.

बाहेरचं कापड २१ × १०.५ सेंमी, त्याला फ्यूजिंग. त्याच मापाचं अस्तर. दोघांची फक्त वरची कड १ सेंमीवर शिवून सुलटी करा, वरून टीप. उंची राहिली ९.५.

आतली पाठ २०.६ × ९.५, तिचं अस्तर तेवढंच. हिची रुंदी बाहेरच्यापेक्षा ४ मिमी कमी आहे ती मुद्दाम. पाकीट मिटताना आतला थर कमी अंतर चालतो. दोन्ही सारखे ठेवलेत तर आतलं कापड घडीत गोळा होतं.

कार्डांचे कप्पे एका लांब पट्टीच्या चुण्या घालून. डावी एक, उजवी एक, प्रत्येक १०.५ सेंमी रुंद आणि २७.५ लांब. कापड पातळ घ्या, केंब्रिक किंवा पोपलीन, फ्यूजिंग *नाही*. वरच्या कडेपासून खुणा ७, ११.५, १७.३ आणि २१.८ सेंमीवर. ७ वर वरच्या बाजूला वळवा, ११.५ वर खाली, १७.३ वर पुन्हा वर, २१.८ वर पुन्हा खाली. दोन कप्पे तयार, प्रत्येक साडेचार सेंमी खोल, एकमेकांपासून १.३ सेंमी खाली. एकूण उंची ९.५ येते, म्हणजे पाठीएवढी. कार्ड ५.४ उंच, त्यामुळे ९ मिमी वर डोकावतं, चिमटीत यायला तेवढं पुरे. ११.५ आणि २१.८ च्या घड्या म्हणजे कप्प्यांची तोंडं. त्यांवर चुण्या घालण्याआधीच २ मिमीवर टीप मारून घ्या, नंतर मारलीत तर कप्पाच शिवला जाईल.

घडीकडची कड ७ मिमी आत मोडा आणि पट्टी पाठीवर ठेवून त्या कडेला २ मिमीवर टीप. राहिले ९.८, त्यातून ही २ मिमी आणि बाहेरच्या उरेब पट्टीची ६ मिमी गेली की कप्प्याची आतली रुंदी ९ सेंमी. कार्ड ८.५६. साडेचार मिमी ऐस. याहून घट्ट केलंत तर नवीन पाकिटात कार्ड जात नाही, सैल केलंत तर महिनाभरात पडायला लागतं. दोन पट्ट्यांमध्ये १ सेंमी मोकळं राहतं, घडी तिथेच पडते.

पट्ट्या लावलेल्या पाठीची वरची कड अस्तराला १ सेंमीवर शिवा, सुलटी करा, वरून टीप. उंची ८.५. आता ही आतली बाजू बाहेरच्या बाजूवर, खालच्या कडा जुळवून. खालचे दोन कोपरे १० रुपयांच्या नाण्याने गोल आखून कापा. नाणं २७ मिमीचं आहे, या गोलाईवर उरेब पट्टी चुणी न पडता वळते. पट्टी ३ सेंमी रुंद, ४५ लांब, खरोखर तिरप्या धाग्यात कापलेली. सरळ कापलेली पट्टी गोलाईवर दगा देते. पाकीट बंद केल्यावर साडेदहा × साडेनऊ.

दोन कप्प्यांना कडेला दहा थर येतात, तिसरा कप्पा घातलात की बारा, वर उरेब पट्टी. पायाच्या मशीनला दहा जमतात. बारावर सुई वाकते, आणि वाकलेल्या सुईला शटलचं टोक दोरा पकडत नाही, तेव्हा टाका सुटतो. म्हणून भेटवस्तूच्या पाकिटाला दोनच कप्पे, दोन्हीकडे मिळून चार कार्डं. जास्त कार्डं बाळगणाऱ्याला चामड्याचं पाकीट विकत आणून द्या.

सुई १६ नंबर, नवी. बटव्याला १४ पुरते. टाका ३ मिमी. जाड जागेशी पायाने न चालवता चाक हाताने फिरवा. फूट पुढून वर चढलेला असतो आणि मागून खाली लोंबतो, त्यामुळे कापड पुढे सरकत नाही आणि टाके एकाच जागी साचतात. मागच्या बाजूला त्याच जाडीची जीनच्या तुकड्याची घडी फुटाखाली सरकवा, फूट सपाट झाला की मशीन मुकाट चालतं. शिवण्याआधी कड लाकडी दांड्याने ठोकून चपटी करा. स्वयंपाकघरातला बत्ता नको, हळद लागलेली असते.

चुंबकाचं बटण लावू नका. कार्डाच्या काळ्या पट्टीला चुंबकाचा त्रास होतो. पाकीट दुमडलेलं आपसूक राहतं, फार तर पितळी टिचबटण.

---

नाडीवाली

चेन आली की तो बटवा कसला, पाऊच म्हणा. खरा बटवा नाडीचा! खणाचे उरलेले तुकडे त्यात खपवा. १८ × २२ सेंमीचे दोन तुकडे. बाजूच्या टिपा वरून ५ सेंमी सोडून सुरू करा, सोडलेल्या भागाच्या कडा आत मोडून शिवा, मग वरची कड आधी अर्धा आणि मग २ सेंमी मोडून नाडीची जागा करा. नाड्या दोन, प्रत्येकी ५५ सेंमी, एक डावीकडून घालून फिरवून डावीकडेच काढायची, दुसरी उजवीकडून. एकच नाडी घातली तर बटवा एका अंगाला कलतो. खण विरतो, म्हणून आतल्या कडेला हाताने धावदोरा तरी घाला.

आणि तिळगूळ थेट कापडात ठेवू नका. तिळाचं तेल बाहेर येतं. बटर पेपरची पुडी करून मग आत. हळद आणि कुंकवाच्या पुड्याही चिकटपट्टीने बंद केलेल्या.

---

मांडवीकाठ

मिठाचं मागे घेते.

फोंडेकरीण, शिवून झालेले नग संक्रांतीपर्यंत कुठे ठेवणार ते ठरवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेत तर ऑक्टोबरच्या उकाड्यात आत घाम धरतो आणि कुबट वास येतो. इस्त्री करून पूर्ण गार झाल्यावर साध्या कागदात दहा-दहा गुंडाळा आणि कपाटात भिंतीला न टेकता ठेवा. छापील वर्तमानपत्र नको, शाई लागते. चेन उघड्या राहू द्यात.

---

फोंडेकरीण

पाकीट आज रात्री कागदावर कापून बघते. शेवटचं एक: अस्तराच्या तळाची उघडी जागा मशीनने बंद केली तर चालेल ना? चाळीस वेळा हाताने टाके घालायचे म्हणजे संक्रांत उलटेल.

---

शिवणमाया

चालेल. कडा १.२ सेंमी आत मोडून इस्त्री करा आणि अगदी काठावर, २ मिमीवर टीप मारा. ती बटव्याच्या पोटात जाते, दिसत नाही. फक्त बंद करण्याआधी आत हात घालून तळाचे चारही कोपरे बोटाने चाचपा आणि टाचण्या मोजा.